टोलथॉर्पच्या झाडीत एक उन्हाळा

जूनच्या अखेरीस इंग्लंडच्या या मधल्या पट्ट्यात सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. ऑगस्टच्या मध्याला तो साडेआठच्या आतच गेलेला असतो. घड्याळात पाहिलं तर फरक तासाभराचा. पण उघड्यावर नाटक करणाऱ्याच्या हातात या तासाभरामुळे दोन वेगळी नाटकं येतात. शब्द तेच, नट तेच, हालचाली त्याच, तरी जूनमधला प्रयोग आणि ऑगस्टमधला प्रयोग एक नसतो. टोलथॉर्प हॉलच्या झाडीत मी एक उन्हाळा शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये काम केलं, तेव्हा हे अंगावरून गेलं. ते लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात आहे.

आधी जागेबद्दल. लंडनहून उत्तरेकडे निघालं की दीड-दोन तासांवर स्टॅमफर्ड लागतं. पिवळसर चुनखडीच्या दगडात बांधलेलं, चर्चच्या उंच मनोऱ्यांचं जुनं गाव. तिथून दोनेक मैलांवर, रटलंड या इंग्लंडच्या सगळ्यात छोट्या जुन्या परगण्याच्या हद्दीत, लिटल कॅस्टर्टन नावाच्या खेड्याजवळ टोलथॉर्प हॉल आहे. दगडी वाडा, भोवती हिरवळ, खाली ग्वॉश नावाची लहानशी नदी, आणि वाड्याच्या बाजूला मोठ्या झाडांनी वेढलेली एक मोकळी जागा. ही मोकळी जागा म्हणजेच रंगमंच.

१९६८ च्या सुमारास स्टॅमफर्डमधल्या काही हौशी मंडळींनी जीन हॅरिसन या बाईंच्या पुढाकाराने तिथल्या जॉर्ज हॉटेलच्या बागेत शेक्सपिअरची नाटकं करायला सुरुवात केली. जागा अपुरी पडू लागली तेव्हा त्यांनी पडीक झालेला टोलथॉर्पचा वाडा घेतला आणि १९७७ पासून तिथे नाटकं होऊ लागली. आज तिथे साधारण सहाशे खुर्च्यांचं प्रेक्षागृह आहे आणि त्याची रचना मला फार आवडते. प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर आहे, नटांच्या डोक्यावर नाही. पाऊस आला तर भिजायचं आम्ही, पाहायचं त्यांनी. इंग्लंडच्या उन्हाळ्यात नाटकाचा अख्खा हंगाम चालवायचा तर याहून शहाणपणाची व्यवस्था मला सुचत नाही. गवतावर खुर्च्या मांडणाऱ्या फिरत्या कंपन्यांचे प्रयोग मी पाहिले आहेत. तिथे पाऊस लागला की छत्र्या, रेनकोटच्या टोप्या आणि प्लॅस्टिकची कुरकुर यांत निम्मं नाटक वाहून जातं.

मी मूळचा कुडाळ तालुक्यातला. पुण्यात कॉलेजात असताना ‘पुरुषोत्तम’साठी तालमी केलेल्या, पुढे नोकरीच्या गडबडीत सगळं सुटलेलं. पीटरबरोच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम मिळाल्यावर इथे आलो. टोलथॉर्पला पहिल्यांदा गेलो तो प्रेक्षक म्हणून, एका सहकाऱ्याने जास्तीचं तिकीट दिलं म्हणून. मध्यंतरात कळलं की रंगमंचावरचे सगळे लोक हौशी आहेत. कुणी शाळेत शिकवतं, कुणी शेती करतं, कुणी निवृत्त झालेलं. पैसे कुणालाच मिळत नाहीत. मग घरी परतताना गाडीत एकच विचार होता.

हिवाळ्यात निवड चाचण्या झाल्या. एक उतारा पाठ करून म्हणायचा, मग दिग्दर्शिका देईल तो प्रवेश दुसऱ्या कुणाबरोबर वाचायचा. माझी पाठांतराची तयारी चांगली होती, त्यामुळे तो भाग निभावला. वाचन झाल्यावर बाई म्हणाल्या, आता हॉलच्या पलीकडच्या टोकाला जा आणि तेच शब्द मला सांग, ओरडू नकोस, सांग. त्या ‘सांग’ शब्दावर पुढचे चार-पाच महिने गेले.

मला फेबियन मिळाला. ज्यांनी हे नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑलिव्हिया या सरदारकन्येच्या घरी माल्व्होलिओ नावाचा शिस्तखोर, अहंमन्य कारभारी आहे. घरातली टवाळ मंडळी एक खोटं पत्र लिहून त्याला पटवून देतात की मालकीण तुझ्यावर भाळली आहे. तो पिवळे मोजे घालून तिच्यापुढे मिरवतो, वेडा ठरतो, अंधाऱ्या कोठडीत डांबला जातो. फेबियन हा त्या टवाळांमधला एक. भूमिका मोठी नाही, पण पत्राच्या प्रवेशात तो आहे, द्वंद्वाच्या प्रवेशात आहे, आणि शेवटी सगळा उलगडा करून माल्व्होलिओचं दुखणं सगळ्यांसमोर मांडायचं कामही त्याच्याकडेच आहे. नाटकभर तो गद्यात बोलतो आणि त्या कबुलीच्या वेळी एकदम पद्यात जातो. हे मला तालमीत लक्षात आलं आणि तेव्हापासून फेबियन माझा झाला. थट्टा करणारा माणूस पहिल्यांदा गंभीर होतो, आणि नाटककार त्याची बोलण्याची चालच बदलतो.

वसंतात तालमी एका सभागृहात सुरू झाल्या. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून रंगमंचाची मापं काढलेली. तिथे माझी खरी झटापट उच्चारांशी झाली. माझ्या मराठी वळणाच्या इंग्रजीबद्दल कुणाची तक्रार नव्हती, बाई तर म्हणाल्या की इलिरियात, म्हणजे हे नाटक जिथे घडतं त्या देशात, कुठलेही लोक असू शकतात. प्रश्न वजनाचा होता. आपण मराठीत अक्षराअक्षराला साधारण सारखाच वेळ देतो. इंग्रजी वाक्य एकदोन ठिकाणी जोर देऊन उभं राहतं, बाकीची अक्षरं त्या जोराच्या मागे धावत येतात. बंद खोलीत सारख्या वजनाचं बोलणं चालून जातं. उघड्यावर ते सपाट होऊन गवतात पडतं. मग मी प्रत्येक वाक्यात जोर कुठे आहे ते पेन्सिलीने मारून घेतलं आणि कामावर जाता-येता गाडीत तेवढेच शब्द मोठ्याने म्हणायचो, बाकीचे मनात.

दुसरी गोष्ट व्यंजनांची. उघड्यावर स्वर दूर जातात, व्यंजनं वाटेत गळतात. भिंत नसते, आवाज परत येत नाही, त्यामुळे आपण किती बोललो याचा अंदाजच नटाला लागत नाही. घशातून जोर काढला की आवाज फक्त कर्कश होतो. उपाय एकच: शब्दाचं शेवटचं व्यंजन पूर्ण करायचं आणि मगच पुढे जायचं. हे शिकताना मला आमच्या कोकणातले दशावतारी नट सारखे आठवत होते. देवळापुढच्या मांडवात, मागे एक बाकडं आणि बाजूला पायपेटी, मृदंग नि झांज एवढ्या भांडवलावर ते रात्रभर बोलतात, आणि पार मागे, भज्यांच्या गाड्याजवळ उभ्या असलेल्या माणसालाही अक्षर न् अक्षर ऐकू जातं. लहानपणी मला तो देवाचा प्रसाद वाटायचा. आता कळलं की ते ओठांचं आणि श्वासाचं काम आहे, पिढ्यान्पिढ्या घासून घासून आलेलं.

मेमध्ये तालमी टोलथॉर्पला हलल्या. थंडी अजून होती, संध्याकाळी बोलताना तोंडातून वाफ यायची. तिथे पहिल्याच आठवड्यात पत्राच्या प्रवेशाने आम्हाला अडवलं. या प्रवेशात आम्ही तिघे झुडपात लपून माल्व्होलिओला पत्र वाचताना पाहतो आणि आमच्या प्रतिक्रियांवर अर्धा हशा असतो. बंद थिएटरात यासाठी प्लायवूडचं खोटं झुडूप असतं, त्याच्यावरून डोकी काढता येतात. इथे खरी झुडपं हाताशी होती. बाईंनी हौसेने सांगितलं, घुसा आत. आम्ही घुसलो आणि पूर्ण नाहीसे झालो. खरं झुडूप माणसाला खरोखरच लपवतं. प्रेक्षकांना पानांखेरीज काही दिसेना. शेवटी मागे खरी झाडी ठेवून पुढे विरळ पानांचं एक हलतं कुंपण केलं, आणि आम्ही ते उचलून माल्व्होलिओच्या मागे मागे सरकायला लागलो. निसर्गाच्या कुशीतलं नाटक म्हणून जे कौतुक होतं, त्यात अशी बरीच खटपट असते. मला ती खटपटच जास्त मोलाची वाटते.

प्रकाशयोजनेच्या तालमी हा तर वेगळाच अध्याय. दिवे कसे दिसतात हे पाहायला अंधार लागतो, आणि जूनमध्ये अंधार पडतो रात्री साडेदहानंतर. त्यामुळे तंत्राची टीम आपलं काम सुरू करायची तेव्हा बाकीच्या रटलंडने झोपायची तयारी केलेली असायची. मध्यरात्र उलटून गेल्यावर आम्ही एकेका जागी उभे राहायचो, वरून कुणीतरी ‘डावीकडे दोन पावलं’ म्हणायचं, दिवा सरकायचा, नोंद व्हायची. सकाळी कामावर जायचं असायचं. तरी कुणी लवकर निघत नसे.

आमच्या प्रकाशयोजनाकाराने एक गोष्ट सांगितली ती मी विसरणार नाही. म्हणाला, दिवे पहिल्या वाक्यापासून लागलेले असतात, तुम्हाला ते दिसत नाहीत एवढंच. सूर्य हळूहळू सोडून देतो आणि माझे दिवे हळूहळू धरतात. ही हातांची अदलाबदल प्रेक्षकाला कळता कामा नये. हंगाम पुढे सरकतो तशी अदलाबदलीची वेळ दर आठवड्याला थोडी अलीकडे येते, आणि त्याला दर आठवड्याला आपल्या नोंदी बदलाव्या लागतात.

आता ब्राउनिस्टची गोष्ट, कारण टोलथॉर्पला ‘ट्वेल्फ्थ नाइट’ करताना ती टाळून पुढे जाताच येत नाही.

याच वाड्यात १५५० च्या आसपास रॉबर्ट ब्राउन नावाचा मुलगा जन्मला. मोठेपणी तो धर्मोपदेशक झाला आणि सांगू लागला की राणीच्या, राज्याच्या चर्चची वाट न पाहता श्रद्धावंतांनी आपापली मंडळी स्वतः बांधावी. एलिझाबेथ राणीच्या काळात हे बोलणं म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. आपण बत्तीस तुरुंग पाहिले असं तो सांगत असे. सुटायचा तो बऱ्याचदा एका वजनदार नातेवाइकामुळे: लॉर्ड बर्ली, म्हणजे विल्यम सेसिल, राणीचा सगळ्यात विश्वासू मंत्री. त्याचा प्रचंड महाल, बर्ली हाउस, स्टॅमफर्डच्या दुसऱ्या अंगाला आजही उभा आहे. पुढे ब्राउन चर्चमध्ये परतला, अनेक वर्षं एका खेड्यात धर्मगुरू म्हणून राहिला, आणि १६३३ मध्ये म्हातारपणी नॉर्थहॅम्प्टनच्या तुरुंगात मेला. त्याच्या मागून चाललेल्या पंथाला लोक ब्राउनिस्ट म्हणत. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेलेले लोक याच विचारांच्या धाग्यातले.

शेक्सपिअरच्या काळी ब्राउनिस्ट हा टिंगलीचा शब्द होता. ‘ट्वेल्फ्थ नाइट’चा जो पहिला प्रयोग नोंदवला गेला आहे तो २ फेब्रुवारी १६०२ चा, लंडनच्या मिडल टेम्पलमध्ये, म्हणजे ब्राउन जिवंत असताना. तिसऱ्या अंकात त्या टवाळांमधलाच भित्रा सर अँड्र्यू म्हणतो की मुत्सद्दी होण्यापेक्षा ब्राउनिस्ट झालेलं काय वाईट. आज हे कुणाला कळत नाही म्हणून बहुतेक ठिकाणी ते वाक्य कापतात. आम्ही ठेवलं. सर अँड्र्यू ते म्हणतो तेव्हा त्याच्या शेजारी फेबियन उभा असतो, म्हणजे मी. अँड्र्यूचं काम करणारा आमचा नट त्या वाक्यावर मान जरा वाड्याकडे वळवायचा. बस्स, एवढंच. जवळपासच्या गावांतून आलेल्या प्रेक्षकांत एक लाट उठायची. चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये बसून एका नाटककाराने ज्याची थट्टा केली, तो माणूस जिथे रांगायला शिकला असेल त्या भिंतींपासून काही पावलांवर ते वाक्य म्हटलं जातंय. मी दर प्रयोगाला त्या क्षणाची वाट पाहायचो. मला त्यात ब्राउनची चेष्टा वाटत नसे. उलट वाटायचं, एवढे तुरुंग पाहिलेल्या या माणसाचं नाव त्याच्याच अंगणात पुन्हा उच्चारलं जातंय, हे बरं आहे.

हंगाम सुरू झाला. प्रयोगाच्या दोन तास आधीपासून गाड्या यायच्या. लोक हिरवळीवर चादरी पसरायचे, काहीजण तर घडीचं टेबल, पांढरं टेबलक्लॉथ, काचेचे पेले असा सरंजाम आणायचे. पोर्क पाय, स्ट्रॉबेरी, चीज. आम्ही मागे आवाज मोकळा करत असताना बुचं उडाल्याचे आवाज यायचे. मला हा प्रकार आधी उच्चभ्रू वाटला होता, पण थोड्या दिवसांत मत बदललं. नाटकाआधी दोन तास एकाच गवतावर बसून जेवलेले लोक खुर्च्यांत जाऊन बसतात तेव्हा ते अनोळखी गर्दी राहिलेले नसतात. पहिला विनोद त्यांना एकत्र हसवतो. गावच्या जत्रेत हेच होतं. देवाच्या पाया पडून, खाजं विकत घेऊन, पाव्हण्यांची विचारपूस करून मग माणूस नाटकाला बसतो.

जूनमध्ये पूर्वार्ध अख्खा उजेडात. नटाला लपायला जागा नाही. प्रेक्षकांचे चेहरे तुम्हाला दिसतात आणि तुम्ही त्यांना पाहताय हे त्यांनाही दिसतं. ड्यूक ओर्सिनोने संगीताबद्दलचं पहिलं वाक्य म्हटलं की झाडांतले ब्लॅकबर्ड गायला लागलेले असायचे. अगदी ठरवून केल्यासारखे. पत्राचा प्रवेश कलत्या उन्हात, आणि त्या उजेडात ती थट्टा निव्वळ खोडकर वाटायची. माल्व्होलिओच्या चेहऱ्यावरचा गर्व स्वच्छ दिसतो, त्यामुळे त्याची दया येत नाही. मध्यंतरानंतरही आकाश निळसरच. कोठडीचा प्रवेश साधारण दहाच्या सुमारास यायचा, आणि ‘इथे काळोख आहे’ असं माल्व्होलिओ कळवळून म्हणायचा तेव्हा डोक्यावर अजून उजेड शिल्लक असायचा. प्रेक्षक ते मानून घ्यायचे, हसायचे.

जुलै सरता सरता पक्ष्यांचं गाणं थांबलं. पहिल्यांदा ते माझ्या लक्षात आलं ओर्सिनोच्या वाक्यामुळे, कारण त्यानंतरची जागा एकाएकी रिकामी वाटली. दिग्दर्शिकेने वादकांना तिथे थोडं जास्त वाजवायला सांगितलं.

ऑगस्टमध्ये पत्राच्या प्रवेशालाच संधिप्रकाश यायला लागला. आम्ही तिघे झुडपामागे, माल्व्होलिओ एकटा उजेडाच्या वर्तुळात. लोक हसायचे, पण हसणं आखूड झालं होतं. मध्यंतरानंतर पूर्ण रात्र. आणि कोठडीच्या प्रवेशाला आता काळोख खराच होता. झाडं काळी, मागचा वाडा काळा, एका जाळीतून फक्त त्याचे हात दिसतात आणि तो पुन्हा पुन्हा सांगतो की मी वेडा नाही. हसू अधूनमधून येई आणि मध्येच तुटे. एकही शब्द बदलला नव्हता. थट्टेचं क्रौर्य त्या नाटकात पहिल्यापासून होतंच, जूनच्या उन्हाने ते झाकलं होतं.

याचा परिणाम माझ्या कामावर झाला. शेवटच्या प्रवेशात फेबियन कबुली देतो: पत्र ऑलिव्हियाच्या दासीने, मारियाने लिहिलं, ऑलिव्हियाचा काका टोबी याच्या आग्रहाने, आणि बक्षीस म्हणून टोबीने मारियाशी लग्न केलं. तो म्हणतो, ही खोडी सूड घेण्यापेक्षा हसण्यासारखी आहे, दोन्ही बाजूंचे घाव तोलून पाहिले तर. जूनमध्ये मी हे हसत म्हणायचो आणि ते बरोबर होतं. ऑगस्टमध्ये ते हसत म्हणणं मला जमेना. मी बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मग हसू नकोस, त्याला जे दिसलंय ते तुलाही दिसलंय. तिथून पुढे मी ते माल्व्होलिओकडे पाहत, माफी मागितल्यासारखं म्हणायला लागलो. बंद थिएटरात, काळ्या पडद्यांत, तीन महिने रोज तोच अंधार विकत घेऊन खेळलो असतो तर ही वाट मला सापडली नसती.

आमच्याकडचा दशावतार बरोबर उलट्या दिशेने जातो. रात्री उशिरा गणपती, सरस्वती आणि थट्टामस्करी करणारा राक्षस संकासुर यांनी सुरुवात, मग आख्यान, आणि उजाडता उजाडता दहीकाला. राक्षस अंधारात येतो आणि देव जिंकतो तेव्हा पूर्व फटफटलेली असते. तिथेही सूर्यच शेवट करतो. नाटकाला शिवलेला हा नैसर्गिक प्रकाश दोन्हीकडे आहे, फक्त आपण उजेडाकडे जातो आणि टोलथॉर्पला लोक काळोखाकडे जातात. इंग्लंडमध्ये उघड्यावरच्या नाटकाची आजची लाट मोठी झाली ती १९३२ नंतर. त्या वर्षी लंडनच्या रीजंट्स पार्कमधलं खुलं नाट्यगृह सुरू झालं, आणि तिथलं पहिलं नाटक होतं ‘ट्वेल्फ्थ नाइट’च. त्याच उन्हाळ्यात कॉर्नवॉलला समुद्रकड्यावर रोवेना केड या बाईंनी स्वतः खपून बांधलेल्या मिनॅक थिएटरचाही पहिला प्रयोग झाला. दशावताराची परंपरा याहून कितीतरी जुनी. पण मला इथे मोठं-लहान काही ठरवायचं नाही. सूर्याला नट म्हणून घेणारे दोन लोक एकमेकांना न भेटता एकाच गोष्टीपाशी आले, याचा मला आनंद वाटतो.

आई जुलैत आली होती. तिला इंग्रजी येत नाही. गोष्ट मी आधी सांगितली होती. ती पांढरी साडी, वर माझं जाड जॅकेट, मांडीवर थर्मास अशी तिसऱ्या रांगेत बसली होती. नाटकातला विदूषक फेस्टे गातो, मालकिणीशी वाद घालतो, मध्येच प्रेक्षकांशी बोलतो. प्रयोग संपल्यावर ती म्हणाली, “झिला, तो गाणा म्हणणारो आपल्या संकासुरासारखो मां? सगळ्यांका बोलता, पण कोणाचो नाय.” मग थोड्या वेळाने, गाडीत: “त्या कारभाऱ्याचा मात्र तुम्ही वाईट केलास.” फेस्टेबद्दल इतकं नेमकं मी कुठल्याही टीपेत वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तालमीआधी ते फेस्टे करणाऱ्याला सांगितलं. त्याने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि संकासुर दिसतो कसा हे विचारलं. मी फोनवर फोटो दाखवला, काळा वेश, उंच टोपी. तो बराच वेळ पाहत राहिला.

पाऊस तर आलाच. एका शनिवारी दुसऱ्या अंकापासून जो लागला तो थांबला नाही. द्वंद्वाच्या प्रवेशासाठी आमची ओल्या जमिनीवरची वेगळी आखणी आधीच बसवलेली होती: पावलं कमी, तलवारी खाली, उड्या नाहीत. लोकरी डब्लेट, म्हणजे त्या काळचा घट्ट अंगरखा, पाणी पिऊन जड झालं. प्रेक्षक छपराखाली कोरडे, आणि छपरावर पाण्याचा आवाज, म्हणजे आता आम्हाला त्या आवाजाच्या वरून बोलायचं. त्या रात्री व्यंजनांचे सगळे धडे कामी आले. शेवटी फेस्टे एकटा पुढे येऊन आपलं गाणं म्हणतो, ज्याच्या शेवटचं सोडून प्रत्येक कडव्यात ‘पाऊस तर रोजच पडतो’ अशा अर्थाची ओळ येते. तो केसांतून पाणी निथळत गायला लागला आणि दुसऱ्या कडव्याला लोकच ती ओळ म्हणायला लागले. कपडेपटातल्या बायकांनी त्या रात्री उशिरापर्यंत कपडे टांगले, बुटांत वर्तमानपत्रं कोंबली. लोकरी कपडे रोज धुता येत नाहीत, म्हणून काखेत वोडकाचा फवारा मारून वास घालवतात, ही युक्तीही मी तिथेच शिकलो. कपडेपट, तिकीटखिडकी, गाड्या लावणं, हिरवळ झाडणं, सगळं स्वयंसेवक करतात. रंगमंचावर वीसेक माणसं दिसतात, पण अशा हंगामाला त्याच्या कित्येक पट हात लागतात.

शेवटच्या प्रयोगानंतर दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळे सेट उतरवायला जमलो. ड्यूकने खिळे उपटले, ऑलिव्हियाने रंगाचे डबे धुतले. आमचं हलतं कुंपण मोडण्याऐवजी गोदामात ठेवलं, पुढे कुठल्यातरी नाटकात लागेल म्हणून.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, किंवा उन्हाळ्यात मुलांकडे येणाऱ्या मराठी मंडळींनी टोलथॉर्पला जरूर जावं. हंगाम जून ते ऑगस्ट. स्टॅमफर्डपर्यंत रेल्वे आहे, पुढे गाडी लागते, आणि परतीची सोय आधीच करावी, कारण नाटक सुटतं तेव्हा खेड्यातली वाट पूर्ण अंधारी असते. छप्पर असलं तरी बाजू उघड्या आहेत, दहानंतर चांगलंच गारठतं, म्हणून जुलैतही स्वेटर आणि पायांवर घ्यायला शाल हवी. जेवणाचा डबा न्यावा, लवकर जावं, वाड्याभोवती आणि नदीच्या बाजूला फिरून घ्यावं. गोष्ट आधी वाचून गेलात तर भाषा अडत नाही, आईला अडली नाही. आणि एकच नाटक जर हंगामात लांब पसरलेलं असेल तर तिकिटं दोन काढा, एक जूनच्या शेवटच्या आठवड्यातलं आणि एक जितकं उशिराचं मिळेल तितकं.

पुढच्या हिवाळ्यातल्या चाचण्यांसाठी मी नाव दिलं आहे. या वेळी माल्व्होलिओचा उतारा पाठ करतो आहे.